फार्मा प्लांटमध्ये सगळ्यांचा कार्यक्रम करायचाय? मग आधी शिफ्ट चार्ट काढा

एचआरमध्ये नवीन लागलेली पोरं दर वर्षी एकच विचारतात, एम्प्लॉयी डे करायचाय, वरून मेल आलाय की 'डायव्हर्सिटी' पण दिसली पाहिजे, तर काय काय करू. आणि विचारायच्या आधीच फुगे, केक आणि सेल्फी पॉइंटची कोटेशनं मागवलेली असतात. मी आधी पॅकिंगला होतो मग अ‍ॅडमिनला आलो, वाळूजला काही वर्षं काढली मग गोव्यात वेर्ण्याला, गोळ्या-कॅप्सूलचेच प्लांट दोन्ही, त्यामुळे हे सगळं स्टेजच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. आयटी कंपनीत जे चालतं ते औषधाच्या प्लांटमध्ये चालत नाही हे लक्षात यायला मला तीन कार्यक्रम वाया घालवावे लागले, तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

पहिलं काम म्हणजे शिफ्ट चार्ट आणि प्रॉडक्शन प्लॅन, दोन्ही प्रिंट काढून टेबलावर ठेवा. फर्स्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, नाइट अकरा ते सात, आणि वर जनरल. तुम्ही जनरलला असता म्हणून तुम्हाला वाटतं दुपारी चारला कार्यक्रम ठेवला की सगळे येतील. चारला फर्स्टची बस गेलेली असते, सेकंडचे लोक नुकतेच गाऊन घालून आत गेलेले असतात, नाइटवाला घरी झोपलेला असतो, मग टाळ्या वाजवायला उरतं कोण तर अ‍ॅडमिन ब्लॉक, क्यूएचे (क्वालिटी अ‍ॅशुरन्स, म्हणजे दर्जा आणि नियम सांभाळणारे) चार जण आणि बाकीचे डेस्कवाले. आमच्याकडे एकदा नाइटवाल्यांसाठी केक "ठेवला" होता, म्हणजे संध्याकाळी कापलेला केक रात्रभर कँटीनच्या फ्रीजमध्ये, सकाळी सातला त्यांच्या हातात. वरचं क्रीम पिवळं पडून कडक झालेलं. एक ऑपरेटर काही बोलला नाही, बॉक्स उघडला, बघितला, परत बंद केला आणि बसमध्ये बसला. तेव्हापासून माझा नियम एकच, जे करायचं ते तीनदा करायचं, आणि तीनदा परवडत नसेल तर छोटं करायचं पण तीनदाच करायचं. नाइटचा कार्यक्रम मी रात्री साडेदहाला ठेवतो, म्हणजे नाइटवाले आत जायच्या आधी, त्यांची बस अर्धा तास लवकर मागवायची फक्त. ट्रान्सपोर्टवाला कुरकुर करतो, करू दे.

प्रॉडक्शन प्लॅन यासाठी की ज्या दिवशी मोठी बॅच कोटिंगला आहे किंवा ऑडिट तोंडावर आहे त्या दिवशी तुम्ही सनई-चौघडा लावला तरी कोणी बाहेर येणार नाही, आणि आलाच तर त्याचा मॅनेजर त्याला महिनाभर ऐकवेल. एरिया, म्हणजे औषध बनतं ती आतली जागा, अर्धवट सोडून येता येत नाही हो. बाहेर यायचं म्हणजे गाऊन काढा, परत जाताना हात धुवा, नवीन गाऊन घाला, एंट्री रजिस्टर भरा, यातच वीस मिनिटं जातात. लाइन क्लिअरन्सच्या (लाइनवर आधीच्या बॅचचं काही राहिलं नाही ना हे तपासायच्या) वेळेला किंवा प्रॉडक्ट बदलताना मशीन तशीही थांबलेली असते, ती वेळ प्रॉडक्शनकडून विचारून घ्या, ते खूश होऊन सांगतात कारण आजपर्यंत त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आणि एक महत्त्वाचं, क्यूएला पहिल्याच दिवशी मीटिंगला बसवा, शेवटी सही घ्यायला नका जाऊ. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिक्सचा ब्लॉक असेल तुमच्याकडे तर तिथली माणसं इकडच्या ब्लॉकमधल्या माणसांत मनाला येईल तशी मिसळू शकत नाहीत, अंघोळ करून कपडे बदलूनच बाहेर येतात, कारण त्या औषधाचा कण जरी दुसऱ्या गोळीत गेला तरी अ‍ॅलर्जी असलेल्या पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. म्हणजे "सगळे एकाच मांडवाखाली" ही कल्पना कागदावर छान दिसते पण त्या ब्लॉकवाल्यांचं येणं-जाणं आधी ठरवावं लागतं, नाहीतर ऐनवेळी त्यांना गेटवर थांबवतात आणि त्यांना वाटतं आपल्याला वगळलं. हे लोक तसेही वेगळे पडल्यासारखे असतात. त्यांचा ब्लॉक वेगळा, बऱ्याच ठिकाणी ये-जा पण वेगळी. त्यांना शिफ्ट सुटल्यावर अंघोळ करून थेट मांडवात यायला सांगा आणि जेवण त्यांचं पहिलं वाढा.

आता सजावट. रांगोळी, झेंडूची तोरणं, ग्लिटर, कागदी कतरण उडवणारे ते फटाके, हे सगळं चेंज रूमच्या आणि मटेरियल एंट्रीच्या आसपास नको. रांगोळीची पूड बुटाला लागते, बूट आत येत नसले तरी पँटच्या मोहरीला चिकटून येते, आणि ग्लिटर तर एकदा अंगाला लागलं की आठवडा जात नाही. रांगोळी मेन गेटला किंवा कँटीनच्या अंगणात काढा, मोठी काढा. मेंदीचा स्टॉल हा दुसरा घोळ. महिला दिनाला हमखास कोणीतरी सुचवतं, पण एरियात मेकअप नाही, नेलपॉलिश नाही, दागिना नाही, आणि ताज्या मेंदीला पण बऱ्याच ठिकाणी मनाई असते, म्हणजे ऑफिसातल्या मुलींनी मेंदी काढायची आणि पॅकिंगच्या बायकांनी बघत बसायचं. कार्यक्रम कोणासाठी मग?

दसऱ्याचा किस्सा सांगतोच. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा, हे रक्तातच आहे, वर्कशॉपमध्ये तर पाने-स्क्रूड्रायव्हर मांडून हार-नारळ होतोच. एका वर्षी टूलिंगवाल्या एका दादांनी मनापासून, अगदी भक्तिभावाने, कॉम्प्रेशन मशीनचे पंच ट्रॉलीत मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिलं. पंच म्हणजे ज्यावर गोळी दाबली जाते ते. दोन दिवसांनी क्यूएच्या मुलीला ट्रॉलीच्या कडेला लाल ठिपका दिसला. मग काय, अख्खा सेट परत धुवा, तपासा, रेकॉर्ड करा, त्या वर्षी सोनं वाटायचं सोडून आम्ही डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीबाहेर काय घडलं त्याची नोंद, लिहीत बसलो होतो. पण चूक त्या दादांची नव्हती, आमची होती, त्यांना पूजा कुठे करायची ते आम्ही कधी सांगितलंच नव्हतं, फक्त "आत करू नका" एवढंच नोटीसवर. पुढच्या वर्षापासून भंगारात काढलेल्या पंचांचा एक सेट इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये कायमचा ठेवला, पूजेसाठीच, आणि तो घासून चकचकीत करायचा मान त्याच दादांकडे. बंदी घालायची तर सोबत जागा पण द्यायची.

आणि हत्यारांची पूजा म्हटलं की लक्षात ठेवा, बॉयलर, चिलर, युटिलिटीमधली निम्मी पोरं बिहार, ओडिशा, झारखंडची असतील तर त्यांची विश्वकर्मा पूजा साधारण 17 सप्टेंबरला येते, दसऱ्याच्या आधी. आपण दसरा धूमधडाक्यात करतो आणि त्यांच्या पूजेला पाच मिनिटं सुट्टी मागितली तर कपाळावर आठ्या. एकदा प्लांट हेडला तिथे प्रसाद घ्यायला नुसतं उभं करा, पाच मिनिटं, भाषण नको. बाकी काही खर्च नाही. तसंच छठचं, उपवास छत्तीस तासांचा असतो आणि ज्यांच्या घरी तो असतो ती माणसं दिवाळीनंतर चार-सहा दिवसांनी रजा मागतात, तेव्हा "आत्ताच तर दिवाळी झाली" म्हणू नका, दिवाळीला त्यांना ड्यूटी द्या आणि छठला सोडा, ते आनंदाने करतील. गोव्यात माझ्याकडे चतुर्थीला ख्रिश्चन पोरं शिफ्ट सांभाळायची आणि ख्रिसमसला हिंदू पोरं, हे त्यांनी आपापसांतच लावून घेतलेलं, एचआरला पत्ताच नव्हता. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला तर दोन्हीकडची रजा मागायची. रोस्टर करणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला एक तक्ता फिरवावा, तुम्हाला कोणते दोन दिवस हवेतच ते लिहा म्हणून. एवढं केलं तरी अर्धी डायव्हर्सिटी झाली, मी तर म्हणेन स्टेजवरच्या त्या वेगवेगळ्या राज्यांच्या फेट्यांपेक्षा जास्त झाली.

फेट्यांवरून आठवलं, तो "प्रत्येक राज्याचा पोशाख घालून या" प्रकार जरा जपून. मी एकदा एका ओडिया मुलीला विचारलं तू संबळपुरी नेसून येणार ना, तर ती म्हणाली सर रूमवर आम्ही पाच जणी राहतो, साडी गावाला आहे. ज्याच्याकडे जे आहे ते तो घालेल, सक्ती नको.

हळदीकुंकू. आता हे जरा नाजूक आहे पण लिहितो. संक्रांतीला किंवा 8 मार्चला कंपनीच्या खर्चाने हळदीकुंकू ठेवायचं आणि त्याला महिलांचा कार्यक्रम म्हणायचं, हे मी पण केलंय. त्या दिवशी पॅकिंगच्या एक ताई, नवरा गेलेला, दोन मुलं शिकवतायत, सगळ्यांत जुन्या, त्या बरोबर त्याच वेळेला लाइनवर थांबल्या, "मी बघते मशीन, तुम्ही जा" म्हणाल्या. मला तेव्हा कौतुक वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, अहो तुम्हाला कळलं नाही का त्या का थांबल्या. नाही कळलं. पुढच्या वर्षी तिळगूळ आणि वाण सगळ्यांना, बाया-बाप्ये सगळे, कुंकू ज्याला हवं त्याने ताटातून लावून घ्यावं, आणि वाण वाटायला त्या ताईंनाच उभं केलं. मुस्लिम आणि ख्रिश्चन मुली पण आल्या त्या वर्षी.

खाण्याचं. कॅटररला मेनू विचारायच्या आधी शिफ्टच्या सुपरवायझरला विचारा कोण काय खात नाही. श्रावण आहे का, गुरुवार आहे का, एकादशी, रमजान, जैन कोण, आणि नॉनव्हेज ठेवणार असाल तर काउंटर वेगळा आणि भांडी वेगळी, आणि ते बोर्डावर लिहा. हलाल आहे का हे विचारणाऱ्या माणसाला विचारताना ओशाळं वाटतं म्हणून तो नुसता डाळ-भात खाऊन जातो, तुम्हीच लिहून टाका म्हणजे प्रश्न मिटला. रमजानमध्ये नाइटवाल्यांसाठी कँटीन पहाटे सहरीला उघडं ठेवणं आणि सेकंडवाल्यांना इफ्तारच्या वेळेला दहा मिनिटं आळीपाळीने सोडणं, एवढं सुपरवायझरच्या पातळीवर होतं, त्याला पॉलिसी वगैरे लागत नाही. फक्त खजूर-फळं चेंज रूमच्या बाहेरच, आत खायला काहीच न्यायचं नाही हा नियम सणालाही तोच.

आता बक्षिसं, इथे मी जरा जास्त बोलणार कारण इथे फार्मावाले स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. "झिरो डेव्हिएशन टीम" असं बक्षीस ठेवू नका. कधीच ठेवू नका. तुम्ही चूक न नोंदवण्याला पैसे देताय त्याचा अर्थ. एखाद्याकडून गोळ्यांचा ट्रे पडला, त्याने ते लिहिलं, तर त्याच्या अख्ख्या टीमचं बक्षीस गेलं, मग पुढच्या वेळी तो लिहील का? गपचूप झाडून टाकेल. औषधाच्या धंद्यात जे घडलं ते त्याच वेळी जसंच्या तसं लिहिणं यावर सगळा डोलारा उभा आहे. म्हणून बक्षीस द्यायचं तर ज्याने स्वतःची चूक येऊन सांगितली त्याला द्या, ज्याने चुकीचं लेबल लाइनवर पकडून मशीन थांबवलं त्याला द्या. आमच्याकडे एका ट्रेनी मुलीने फॉइलवरची एक्सपायरी अर्धवट छापली जातेय हे बघून लाइन थांबवली होती, सुपरवायझर आधी तिच्यावरच ओरडला. वार्षिक कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावलं आणि बक्षीस त्याच सुपरवायझरच्या हातून दिलं. दोघंही लाजत होते. सगळ्यात जास्त आउटपुटचं बक्षीस पण मी काढून टाकलं, त्याने घाई वाढते फक्त.

बक्षिसासाठी नावं मागवताना डिपार्टमेंट हेडला विचारलं की तेच ते चार चेहरे येतात. चिठ्ठ्या टाका, प्रश्न एकच, "तुझं काम अडलं तेव्हा कोण धावून आलं?" उत्तरं वाचून उडाल. लाँड्रीतला मुलगा, जो रात्री दोनला गाऊनचा सेट आणून देतो. ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करतात तिथे) असलेले काका. हाउसकीपिंगच्या मावशी. यातले बरेच ठेकेदाराकडचे असतात, आणि मग अकाउंट्स म्हणतं ते आपल्या रोलवर नाहीत, गिफ्ट कसं देणार. हा वाद कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी बजेटातच त्यांची संख्या धरा. दिवाळीला परमनंटला अर्ध्या किलोचा बॉक्स आणि काँट्रॅक्टवाल्याला पावशेरचा, एकाच टेबलावरून वाटलेला मी बघितलाय. त्यापेक्षा सगळ्यांना पावशेर द्या की. पैसे कमी पडले तर स्टेज कापा, अँकर कापा, एलईडी स्क्रीन कापा, खाणं आणि बॉक्स कापू नका.

नावांचं एक. आत सगळे पांढऱ्या गाऊनमध्ये, हूड, मास्क, दाढी असेल तर त्यावर वेगळं कव्हर, दिसतात फक्त डोळे. वर्षानुवर्षं शेजारच्या मशीनवर काम करून बाहेर कँटीनमध्ये ओळखत नाहीत लोक, खरंच. त्यामुळे नाव नीट असणं ही मोठी गोष्ट आहे. आपला फॉर्म मराठी पद्धतीचा, नाव-वडिलांचं नाव-आडनाव, त्यात आंध्र-तेलंगणातून आलेल्या मुलांचं घरचं नाव आधी येतं ते उलटं होतं, तमिळ मुलाला आडनावच नसतं तर सिस्टिमने तिथे टिंब टाकलेलं. कार्यक्रमाच्या निमित्ताने सगळी आयकार्डं परत छापा, प्रत्येकाला स्वतःचं नाव मराठीत आणि त्याला हवं असेल तर त्याच्या लिपीत स्वतः लिहून द्यायला सांगा. खर्च केकपेक्षा कमी येतो. स्टेजवर नाव पुकारणाऱ्याने आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून उच्चार विचारायचा, हे पण कराच.

गाऊनचे साइज हा विषय पण याच मीटिंगमध्ये काढा. लहान चणीच्या मुलींना पुरुषांच्या मापाचे गाऊन, पायघोळ लोंबतात, पाय अडकतो. सरदार असेल तर त्याच्या पगडीवर बसेल असा हूड. गरोदर बाईसाठी मोठं माप. आणि दागिने काढून ठेवायला कुलूपवालं लॉकर, कारण मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा काढून आत जायचं म्हणजे नव्या लग्नाच्या मुलीला पहिला महिना जड जातो, त्यात लॉकरची कडी मोडकी असेल तर तिचं लक्ष कामात कसं लागणार.

फिशपॉन्ड ठेवणार असाल तर सगळे आधी वाचा. रंगावरून, जाडीवरून, "भैया" म्हणून, कोणाच्या हिंदी-मराठीची नक्कल, हे सगळं काढून टाका, आणि बायकांवरचे तर दोन महिलांकडूनच तपासून घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि कंपनीचा कार्यक्रम बाहेरच्या हॉलवर असला, येण्या-जाण्याची बस कंपनीची असली, तरी तेही कामाचं ठिकाणच धरलं जातं. समितीतल्या बायकांची ओळख त्याच दिवशी स्टेजवर करून द्या, म्हणजे नोटीस बोर्डावरच्या नावांना चेहरा मिळतो. ऐकू न येणारी मुलं पॅकिंगला असतील तर खुणांची भाषा येणारा एक माणूस स्टेजच्या कोपऱ्यात उभा करा, नसेल मिळत तर त्यांच्यातलाच जो लिहून-वाचून सांगू शकतो त्याला आधी अख्खी स्क्रिप्ट द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली समान संधीचं धोरण असावं लागतं ते तुमच्या फाइलला असेलच, ते जरा वाचा त्या निमित्ताने.

भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न येतो, तर ते हात धरलेल्या रंगीत माणसांचं डाउनलोड केलेलं पोस्टर नको. आपल्याच धंद्याच्या गोष्टी लावा. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा ओडेसात जन्मलेला हाफकिन नावाचा ज्यू माणूस ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस करत बसला आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, परळच्या संस्थेला त्याचं नाव आहे. 1935 ला ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला काढली. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 ची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली. अशा पाच-सहा गोष्टी चार ओळींत, मराठीत आणि हिंदीत, कँटीनच्या रांगेत उभं असताना वाचता येतील अशा. त्याच्या शेजारी देशाचा नकाशा, प्लांटमधलं कोण कुठल्या गावाहून आलंय त्याच्या टाचण्या. आमच्याकडे टाचण्या लावताना कळलं की क्यूसीतले (तपासणीच्या लॅबमधले) दोघं एकाच तालुक्यातले, दोन वर्षं एकमेकांशी हिंदीत बोलत होते.

फोटो. एरियात मोबाइल नाहीच, पण कार्यक्रमाचे फोटो काढताना मागे प्रॉडक्शन बोर्ड, बॅच नंबर, लेबल काही दिसत नाही ना बघा, आणि सोशल मीडियावर टाकायच्या आधी माणसाला विचारा. काही जणींना घरून ताकीद असते. हेल्थ चेकअप कँप ठेवलात तर रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्यालाच, यादी एचआरच्या टेबलावर पसरून ठेवायची नाही. आणि गिफ्ट म्हणून कंपनीची औषधं, टॉनिक, असलं काही वाटू नका, हे सुचवणारा एक तरी भेटतोच.

शेवटचं, मिठाईचे बॉक्स शिफ्ट सुरू होताना देऊ नका. लोक ते लॉकरमध्ये ठेवतात, आठ तासांत मुंग्या लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलचं रजिस्टर घेऊन क्यूए तुमच्या दारात. सुटतानाच द्यायचे, गेटवर, तीनला, अकराला आणि सकाळी सातला. सातवाले बॉक्स रात्रीच मोजून सिक्युरिटीकडे कुलपात ठेवा आणि चावी नाइटच्या सुपरवायझरकडे, कारण सकाळी सातला अ‍ॅडमिनचा कोणी उगवत नाही, मी पण नाही.